मोजणे, पाहणे, तोडणे : स्मार्ट मीटरचा नैतिक विचार

विजेचे स्मार्ट मीटर एकाच डबीत तीन कामे करते. घरात किती वीज वापरली गेली ते मोजते. दर पाव किंवा अर्ध्या तासाचा हिशेब मोबाईलच्या अथवा रेडिओच्या जाळ्यातून वीज कंपनीच्या संगणकाला कळवते. आणि तिकडून आज्ञा आली की आतल्या आत पुरवठा तोडते वा पुन्हा जोडते. जुन्या मीटरकडे यांपैकी पहिलेच काम होते. दुसरे महिन्या-दोन महिन्यांनी दारात येणारा मीटर रीडर करी, तिसरे खांबावर चढणारा लाईनमन. वेगवेगळ्या हातांत असलेली ही तीन कामे एका यंत्रात एकवटली, हीच या तंत्रज्ञानातली खरी नवी गोष्ट. वाढलेली अचूकता त्यामानाने दुय्यम आहे.

२०२४ च्या मे महिन्यात वडोदऱ्यात या मीटरवरून जनक्षोभ उसळला. मध्य गुजरात वीज कंपनीने (एमजीव्हीसीएल) शहरात प्रीपेड स्मार्ट मीटर बसवायला घेतले होते आणि हजारो घरांत ते बसलेही होते. ऐन उन्हाळ्यात गोरवा, सुभानपुरा यांसारख्या भागांतले रहिवासी कंपनीच्या कार्यालयांवर धडकू लागले. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. रिचार्ज केलेले पैसे बघता बघता संपतात, आधी दोन महिन्यांच्या बिलात जेवढे जात तेवढे आता काही दिवसांत जाते, अशी तक्रार होती. अखेर नवी मीटर बसवणे थांबले. ज्यांना शंका आहे त्यांच्याकडे स्मार्ट मीटरच्या शेजारी जुने मीटरही लावून दोहोंचे आकडे ताडून पाहण्याची तयारी कंपनीने दाखवली, आणि सरकारी कार्यालयांत ही मीटर आधी बसवू, असे राज्य सरकारने सांगितले.

या साऱ्या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली : प्रश्न मीटर बरोबर मोजते की जोरात पळते एवढाच आहे. विरोधक म्हणाले, ते जोरात पळते. कंपनी म्हणाली, ते बरोबर मोजते, ताडून पाहा. दोन्ही आकडे जुळले की वाद संपला, असा या समजुतीचा अर्थ होतो. ही समजूत उथळ आहे. मीटर शेवटच्या दशांशापर्यंत अचूक निघाले तरी त्याने उभा केलेला नैतिक प्रश्न जिथल्या तिथे राहतो. मोजणे, पाहणे आणि तोडणे या तीन निरनिराळ्या सत्ता आहेत. प्रत्येकीला स्वतंत्र कारण, स्वतंत्र संमती आणि स्वतंत्र मर्यादा लागते. आणि त्या एकत्र बांधून एकीच्या नावाखाली उरलेल्या दोन घरात आणणे अन्याय्य आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. ते विजेच्या मीटरपुरते नाही. रोजच्या जगण्यात शिरलेल्या बहुतेक ‘स्मार्ट’ साधनांना ते लागू पडते. मीटर उदाहरणासाठी घेतले, कारण ते टाळता येत नाही. घड्याळ काढून ठेवता येते, फोन बंद करता येतो. विजेविना घर चालत नाही.

१. प्रीपेडचा आग्रह कुठून आला

कोणत्याही यंत्राचे नैतिक मोजमाप करताना ते कोणाच्या गरजेतून जन्मले हे आधी पाहावे लागते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वीज वितरणाच्या सुधारणेची योजना आणली. तिचा एकूण आकार ३,०३,७५८ कोटी रुपयांचा आणि उद्दिष्ट २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचे. चोरी, थकबाकी आणि तारांमधली गळती मिळून होणारा देशभरातला तोटा १२ ते १५ टक्क्यांपर्यंत खाली आणायचा, हा हेतू. सर्वसाधारण राज्यांना मीटरच्या खर्चाच्या १५ टक्के, पण मीटरमागे ९०० रुपयांपर्यंतच, अनुदान ठरले. आणि मीटर प्रीपेड पद्धतीने चालवले तरच ते मिळणार होते. उभारणीचा पैसा खासगी सेवापुरवठादाराने घालायचा, ठरलेली काही वर्षे मीटर त्याच्या मालकीचे राहायचे आणि त्या बदल्यात वितरण कंपनीने त्याला मीटरमागे दरमहा शुल्क द्यायचे, अशी रचना आहे.

म्हणजे या व्यवहारात केंद्राला वितरण कंपन्यांचा तोटा आटोक्यात हवा आहे, कंपनीला पैसा आधी हवा आहे आणि पुरवठादाराला वर्षानुवर्षांचे निश्चित उत्पन्न. तिन्ही गरजा वाजवी आहेत. चौथी गरज, म्हणजे ज्याच्या भिंतीवर मीटर लागणार त्याची, या मांडणीत कुठे नोंदलेली नाही. गुजरातच्या चारही सरकारी वितरण कंपन्या केंद्राच्या वार्षिक मानांकनात सातत्याने वरच्या श्रेणीत येतात. बिल भरणाऱ्या ग्राहकांमुळेच त्या तिथे आहेत. ज्या शहरात गुजरात ऊर्जा विकास निगमाचे मुख्यालय आहे, त्या वडोदऱ्याच्या नियमित बिल भरणाऱ्या ग्राहकाला इतर राज्यांतल्या थकबाकीसाठी आखलेला उपाय लागू झाला. त्याचा राग आकड्यांवर व्यक्त झाला, कारण आकडा दाखवता येतो. आपल्याला कोणी विचारलेच नाही, हे दाखवायला पावती नसते.

२. मोजणे

पहिल्या कामाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. वापरलेल्या विजेचे पैसे द्यायचे, तर मोजमाप हवेच. २००३ चा वीज कायदा अचूक मीटरशिवाय पुरवठाच करू नये असे सांगतो. मोजण्याला ग्राहकाची संमती जोडणी घेतानाच मिळालेली असते.

एक मुद्दा मात्र नोंदवायला हवा. मोजमापाची अचूकता आणि त्याचा उलगडा या दोन गोष्टी आहेत. दोन महिन्यांचे बिल कागदावर येते, तेव्हा मागचे वाचन, आताचे वाचन, दर, इंधन अधिभार, वीज शुल्क अशा ओळी असतात. शेजाऱ्याच्या, मागच्या वर्षीच्या बिलाशी ते ताडता येते. रोज थोडी थोडी होणारी कपात फोनवर एका घटत्या आकड्याच्या रूपात दिसते. त्या कपातीत मे महिन्याचा उकाडा किती, आधीची बाकी किती आणि स्थिर आकार किती, हे सामान्य माणसाला वेगळे करता येत नाही. त्याच महिन्यात शहरातल्या एका ग्राहकाला नऊ लाखांहून अधिक रकमेच्या बिलाचा संदेश आला. रक्कम चुकीचीच होती. एवढी ढोबळ चूक कोणाच्याही नजरेत भरते. दोनशे-तीनशे रुपयांची चूक पकडायला मात्र उलगडा लागतो. आकडा खरा असूनही न समजणारा असेल, तर तो मान्य करण्यावाचून माणसापुढे मार्ग नसतो, आणि असे मान्य करणे विश्वासापोटी होत नाही.

३. पाहणे

दर अर्ध्या तासाचा वापर म्हणजे दिवसाला ४८ आणि वर्षाला साडेसतरा हजार नोंदी. जुन्या पद्धतीत वर्षाला सहा नोंदी होत. हा फरक केवळ संख्येचा नाही; वेगळ्याच जातीची माहिती त्यातून तयार होते. सहा नोंदींतून घराचे बिल निघते. साडेसतरा हजार नोंदींतून घराची दिनचर्या निघते : माणसे किती वाजता उठतात, गिझर कधी लागतो, दुपारी घरात कोणी असते का, रात्री दिवे किती वेळ चालू असतात, घर कोणत्या आठवड्यात बंद होते.

हे अनुमान नवे नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले की घराबाहेरच्या एकाच मोजणीवरून आतली निरनिराळी उपकरणे वेगळी ओळखता येतात, कारण प्रत्येक उपकरण सुरू आणि बंद होताना वापराच्या आलेखावर आपली खूण सोडते. त्यासाठी अर्ध्या तासापेक्षा पुष्कळ बारीक नोंदी लागतात. पण दिनचर्या कळायला अर्धा तास पुरतो. १९८९ मध्ये हार्ट यांनीच या पद्धतीतून पाळत कशी ठेवता येईल याविषयी इशारा देणारा लेख लिहिला. शोध लावणाऱ्यानेच धोका सांगितला होता. त्याकडे नंतर झालेले दुर्लक्ष अज्ञानातून झाले असे म्हणता येत नाही.

नेदरलँड्समध्ये या मुद्द्याने कायदाच अडला. स्मार्ट मीटर सक्तीचे करणारे विधेयक तिथल्या वरिष्ठ सभागृहात २००९ मध्ये रोखले गेले. टिलबर्ग विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००८ मध्ये दिलेल्या अहवालाचा त्यात मोठा वाटा होता : पाव तासाच्या नोंदी सक्तीने गोळा करणे खासगी आयुष्याच्या हक्कावरचे अतिक्रमण आहे, आणि तेवढी गरज सिद्ध झालेली नाही. पुढे मीटर नाकारण्याची मुभा देऊन कायदा बदलला. अमेरिकेत नेपरव्हिल शहराच्या खटल्यात २०१८ मध्ये अपील न्यायालयाने पाव तासाच्या नोंदी घेणे ही घराची झडतीच ठरते असे म्हटले, पण त्या प्रकरणात ती वाजवी ठरवली. गुन्हे तपासासाठी अशा नोंदी घेतल्या गेल्या तर उत्तर निराळे येऊ शकेल, हेही सांगून ठेवले. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्याला चौकट दिली, परंतु सरकारी कामांना आणि यंत्रणांना त्यात मोठ्या सवलतीही आहेत. मीटरच्या अर्ध्या तासाच्या नोंदी कोणी, किती वर्षे, कशासाठी ठेवायच्या, हा प्रश्न वडोदऱ्याच्या आंदोलनात जवळजवळ आलाच नाही. अचूकतेच्या वादाने तो झाकून टाकला.

घराच्या आतली नजर

पाळत म्हटले की सरकार किंवा कंपनी डोळ्यांपुढे येते. परंतु घर हे एकमुखी नसते. मीटर एका नावावर असते, ॲप एका फोनवर असते. फोन नवऱ्याचा असेल, तर बायको दुपारी किती वाजता घरी होती, कूलर किती वेळ चालला, सासूबाईंनी टीव्ही किती पाहिला, हे त्याला कार्यालयात बसून कळते. मीटर घरमालकाच्या नावावर असेल, तर भाडेकरूची दिनचर्या मालकाच्या खिशात जाते. पूर्वी घरातले सत्ताधारी स्वतः घरी असतानाच पाहू शकत होते. आता त्यांना घराबाहेर असतानाही पाहता येते. खासगीपणाचे कायदे ग्राहकाचे रक्षण करतात, आणि ग्राहक म्हणजे ज्याचे नाव नोंदीत आहे तो. उरलेल्यांचा विचार त्यांत नाही. आंदोलनात स्त्रिया पुढे होत्या त्याचे तात्कालिक कारण घरखर्चाचे होते; पण विजेचा दिवसभराचा वापर हा प्रामुख्याने घरात राहणाऱ्यांचा वापर असतो, त्यामुळे या नजरेचा भारही प्रामुख्याने त्यांच्यावरच पडतो.

४. तोडणे

तिन्ही सत्तांमध्ये ही सर्वांत गंभीर आहे, आणि तिच्याविषयीच सर्वांत कमी बोलले गेले.

वीज कायद्याचे कलम ५६ सांगते की बिल थकले तर पुरवठा तोडण्याआधी किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमात पुढे एक मौल्यवान तरतूद आहे : ग्राहकाला बिल मान्य नसेल आणि त्याने मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. कायद्याने इथे तीन गोष्टी माणसाच्या हाती दिल्या आहेत. उसंत, म्हणजे पैशाची जुळवाजुळव करायला वेळ. कारण, म्हणजे काय थकले आहे ते लेखी सांगितले जाणे. आणि दाद, म्हणजे अंधारात न बसता भांडण्याची सोय.

प्रीपेड मीटरमध्ये हे कलम रद्द होत नाही. त्याचा प्रसंगच नाहीसा होतो. पैसे आधी घेतले असल्यामुळे थकबाकी निर्माण होत नाही. थकबाकी नाही म्हणून नोटीस नाही. नोटीस नाही म्हणून निषेध नोंदवून भरण्याची जागा नाही. शिल्लक संपते आणि वीज जाते. काल जो हक्क असलेला ऋणको होता, तो आज शून्य शिल्लक असलेले खाते होतो. कायद्याचा एक शब्दही न बदलता नागरिकाचे संरक्षण असे निकामी करता येते, आणि ते तांत्रिक बदलाच्या रूपात आल्यामुळे विधिमंडळात त्याची चर्चाही होत नाही. स्मार्ट तंत्रज्ञानाच्या नैतिक चिकित्सेतला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे : यंत्र नियम मोडत नाही, ते नियम लागू होण्याची वेळच येऊ देत नाही.

ब्रिटनमध्ये प्रीपेड मीटरचा अनुभव कित्येक दशकांचा आहे. तिथे एक निराळीच अवस्था अभ्यासकांना आढळली : पैसे नाहीत म्हणून माणूस रिचार्ज करत नाही आणि थंडीत अंधारात राहतो. कंपनीच्या दप्तरात पुरवठा तोडल्याची नोंद होत नाही, कारण तो कोणी तोडलेलाच नसतो. दारिद्र्य आकडेवारीतून असे गायब होते. थकबाकीदारांच्या घरी सक्तीने प्रीपेड मीटर बसवले जात असल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या ऊर्जा नियामकाने ही सक्ती थांबवायला लावली, आणि पुढे ७५ वर्षांवरील वृद्ध व दोन वर्षांखालील मुले असलेल्या घरांना तिच्यातून वगळणारे नियम आले. त्या देशात ही सक्ती थकबाकीदारांपुरती होती. आपल्याकडे योजनेने थकबाकीदार आणि नियमित भरणारा असा भेदच ठेवला नाही.

भारतातल्या अनेक राज्यांच्या नियमांतही रात्री आणि सुट्टीच्या दिवशी पुरवठा तोडू नये अशी तरतूद आहे. ती चांगली आहे, आणि तिचा तर्क पुढे न्यायला हवा. रात्री वीज तोडणे अनुचित वाटते, कारण तेव्हा माणूस हतबल असतो. पण हतबलता घड्याळावर चालत नाही. घरात प्राणवायूचे यंत्र लावलेला रुग्ण असतो, महिनाअखेर असते, फोन हरवलेला असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा वडोदऱ्याचे कित्येक भाग पाण्यात आणि अंधारात होते. अशा दिवसांत मोबाईलचे जाळे, बँकेचा सर्व्हर आणि वीज कंपनीचा संगणक हे तिन्ही चालू असतील तरच रिचार्ज होणार, अशा साखळीला घरातला दिवा बांधणे धोक्याचे आहे. लाईनमन पाण्यातून वाट काढत वीज तोडायला गेला नसता.

५. यंत्र तटस्थ असते काय

या विवेचनावर पहिली तात्त्विक हरकत अशी येते की यंत्र स्वतः काही करत नाही, वापरणारा चांगला किंवा वाईट असतो. नियम सुधारा, यंत्राला दोष देऊ नका. अमेरिकी विचारवंत लँग्डन विनर यांनी १९८० मध्ये याला जे उत्तर दिले ते आजही पुरेसे आहे : काही साधनांच्या रचनेतच सत्तेची एक विशिष्ट मांडणी असते, मग वापरणारा कोणीही असो. ज्या मीटरमध्ये दुरून तोडण्याचा स्विच आहे, तिथे तो आज वापरला नाही तरी तोडण्याची शक्यता रोज घरात असते. त्या शक्यतेनेच वागणे बदलते.

राजकीय तत्त्वज्ञ फिलिप पेटिट यांची स्वातंत्र्याची कल्पना इथे उपयोगी पडते. दयाळू मालकाचा गुलाम फटके खात नाही, तरी तो स्वतंत्र नसतो. कारण त्याचे फटके न खाणे मालकाच्या मर्जीवर आहे. स्वातंत्र्य म्हणजे हस्तक्षेप न होणे एवढेच नव्हे, तर दुसऱ्याच्या मर्जीने हस्तक्षेप होऊ न शकणे. वीज कंपनी सौजन्याने वागते, ही चांगली गोष्ट आहे. पण सौजन्य हा हक्काला पर्याय होत नाही.

हीच तीन कामे एकवटलेली साधने आता सर्वत्र दिसतात. नागपूर महानगरपालिकेने गेल्या दशकाच्या अखेरीस सफाई कर्मचाऱ्यांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. हजेरी मोजायची हे कारण वाजवी होते. पण घड्याळ दिवसभराचा ठावठिकाणाही दाखवत होते आणि त्यावरून पगार कापला जाई. सकाळपासून हातात झाडू घेतलेल्या माणसाने दोन घोट चहासाठी हद्द सोडली, तर त्याचे कारण घड्याळाला सांगता येत नाही. हजेरीसाठी दिलेल्या संमतीत पाळत आणि शिक्षा कधी मिसळली गेली, हे त्या कर्मचाऱ्यांना कोणी सांगितले नाही. शहरांतल्या सोसायट्यांच्या फाटकावरची ॲप्सही याच जातीची आहेत : घरकाम करणाऱ्या बाईच्या येण्या-जाण्याची नोंद, ती सर्व रहिवाशांना दिसणे आणि एका बटणाने तिला फाटकावरच अडवणे.

या प्रत्येक ठिकाणी साधन लावणारा एक आणि ते अंगावर वा भिंतीवर वागवणारा दुसरा आहे. साधनाचे गुणगान पहिला करतो. म्हणून त्याचे मूल्यमापन दुसऱ्याच्या जागेवरून झाले पाहिजे.

६. काही आक्षेप

‘लपवण्यासारखे नसेल तर भीती कशाची?’

हा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आहे, आणि वडोदऱ्याच्या मातीतच त्याचे उत्तर आहे. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीसाठी या शहरात आले. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे शिक्षण बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर झाले होते. राहायला जागा मिळेना, तेव्हा एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून ते राहिले. ते कोण आहेत हे कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. त्यांनी काही गैर केले नव्हते. लपवण्यासारखे, लाजण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. माहिती खरी होती, आणि तिच्यामुळेच छप्पर गेले. माहितीचा धोका ती देणाऱ्याच्या दोषावर ठरत नाही. ती घेणाऱ्याच्या सत्तेवर आणि पूर्वग्रहावर ठरतो. ज्याला आपल्या दिनचर्येची भीती वाटत नाही, तो बहुधा अशा जागी उभा असतो जिथून समाज त्याच्याकडे संशयाने पाहत नाही. ती जागा सर्वांना मिळालेली नाही.

‘माणूस पक्षपाती असतो, यंत्र नसते’

हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यात बरेच तथ्य आहे. मीटर रीडर चुकीचे वाचन लिहितो, चिरीमिरी घेतो, वस्तीत जायचे टाळतो. ओळखीच्याची जोडणी राहते, गरिबाची तुटते. यंत्र जात पाहत नाही. यंत्रांविषयी गांधीजी आणि आंबेडकर यांच्यातला मतभेद इथे आठवतो. ‘हिंद स्वराज’मध्ये १९०९ साली गांधीजींनी यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका केली. आंबेडकरांनी १९४५ मध्ये उलट भूमिका मांडली : यंत्र माणसाला फुरसत देते, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि यंत्राचे दुष्परिणाम यंत्राचे नसून ज्या समाजरचनेत नफा थोड्यांच्या हाती जातो तिचे आहेत. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनत आली त्यांच्या बाजूने विचार केला तर आंबेडकरांचेच म्हणणे अधिक पटते.

पण त्याच कसोटीवर स्मार्ट मीटर घासून पाहिले पाहिजे. फुरसत कोणाला मिळाली? वाचनाला येण्याचे, नोटीस लिहिण्याचे, खांबावर चढण्याचे कष्ट कंपनीचे वाचले. शिल्लक पाहत राहण्याचे, रिचार्ज करण्याचे, चूक शोधून सिद्ध करण्याचे कष्ट ग्राहकाकडे आले. यंत्राचा निष्पक्षपणा खालच्या पायरीवर खरा आहे. वरच्या पायरीवर, जिथे किती शिल्लक राहिल्यावर वीज तोडायची हे ठरते, तिथे माणसेच बसलेली असतात. फरक एवढाच पडतो की पूर्वीचा पक्षपात दारात उभा दिसे आणि त्याच्याशी भांडता येई. माणसाचा लहरीपणा काढून टाकायचा असेल तर तो नियमांनी काढावा. त्याच्याबरोबर माणसाची विवेकबुद्धीही काढून टाकणे हा सौदा तोट्याचा आहे.

‘मोबाईलही प्रीपेडच असतो’

असतो, कारण तो निवडलेला असतो. पोस्टपेडचा पर्याय असतो, कंपनी बदलता येते, आणि फोन बंद पडला म्हणून घरातले पाणी थांबत नाही. वडोदऱ्यातल्या घरगुती ग्राहकाला दुसऱ्या वीज कंपनीकडे जाता येत नाही. बाजारातली उदाहरणे मक्तेदारीला लावणे चुकीचे आहे.

‘चोरी थांबते, आणि सूर्याच्या विजेला स्मार्ट मीटर लागतेच’

दोन्ही विधाने बरीचशी खरी आहेत. चोरी शोधायला फिडर आणि ट्रान्सफॉर्मरवरची मीटर मुख्यतः लागतात, कारण गळती कुठे आहे हे तिथे कळते; प्रत्येक घराची अर्ध्या तासाची नोंद त्यासाठी अनिवार्य नाही. सौरऊर्जेचा मुद्दा अधिक भक्कम आहे. छतावरच्या सौर पॅनलांत गुजरात देशात आघाडीवर आहे, दुपारी वीज मुबलक आणि संध्याकाळी अपुरी असते, त्यामुळे वेळेनुसार दर ठेवणे शहाणपणाचे आहे. २०२३ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून तशी तरतूद केली. वेळेनुसार दर लावायला वेळेनुसार मोजमाप हवे. ते मान्य. मात्र दिवसाचे तीन-चार कालखंड मीटरच्या आतच बेरजेने साठवून महिन्याला तेवढेच आकडे पाठवता येतात. गरज कालखंडांची आहे, दिनचर्येची नाही. आणि वेळेनुसार दर लावण्यासाठी दुरून तोडण्याचा स्विच मुळीच लागत नाही.

७. सक्तीची पूर्वअट

सक्ती नेहमीच अन्याय्य असते असे नाही. वडोदऱ्यातूनच बडोदा संस्थानावर राज्य करणाऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. त्या काळीही विरोध झाला, आणि तरीही ती सक्ती न्याय्य होती. कारण तिची रचना पाहण्यासारखी आहे : पालकावर बंधन घालण्याआधी राज्याने स्वतःवर बंधन घातले. शिक्षण मोफत केले, गावोगाव शाळा काढण्याचा खर्च उचलला, आणि सक्तीचा लाभ ज्याच्यावर सक्ती झाली त्याच्याच घरात गेला.

मीटरची सक्ती या कसोटीवर उणी पडते. वीज कायद्याच्या कलम ४७ मध्ये प्रीपेड मीटर घेण्यास जो तयार असेल त्याच्याकडून अनामत मागू नये, असे म्हटले आहे. ‘तयार असेल’ या अटीत निवड गृहीत आहे, असा युक्तिवाद महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे आणि इतर कार्यकर्त्यांनी सातत्याने केला. ऑगस्ट २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने मात्र प्रीपेड मीटरसाठी मुदतीच आखून दिल्या. कायद्याने दिलेली निवड अधिसूचनेने आकसली, आणि बदल्यात कंपनीवर कोणते नवे बंधन आले? वीज खंडित झाल्याची नोंद हेच मीटर अचूक ठेवते. त्या नोंदीवरून ग्राहकाला भरपाई आपोआप मिळाली असती, तर सक्तीला दोन्ही बाजू असत्या. पैसे कापण्याचे काम स्वयंचलित झाले. भरपाईसाठी अर्जाची वाट कायम राहिली.

८. गाठी सोडवणे

तीन सत्ता वेगळ्या करता येतात, हे पटवण्यासाठी कल्पनेची गरज नाही. जून २०२४ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड स्मार्ट मीटर बसवणार नसल्याचे जाहीर केले. पुढे महावितरणने त्याच जातीची मीटर ‘टीओडी’ (टाइम ऑफ डे) या नावाने, बिल नंतर देण्याच्या पद्धतीने बसवायला घेतली, आणि जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर दरात सवलत सुरू झाली. मीटर तेच, पण बिल नंतर येते म्हणून थकबाकीची संकल्पना टिकते आणि तिच्यामागे कलम ५६ ची नोटीसही उभी राहते. प्रीपेड ही यंत्राची अपरिहार्यता नव्हती; ती एक आर्थिक निवड होती, हे यावरून सिद्ध झाले.

त्यापुढच्या दोन गाठी अजून तशाच आहेत. तोडण्याचा स्विच मीटरमध्ये आहेच. तो माणसाच्या सहीशिवाय चालवता येऊ नये, वाद नोंदवलेल्या खात्यावर तो आपोआप निष्क्रिय व्हावा आणि रुग्ण असलेल्या घरांची यादी त्याच्या कक्षेबाहेर असावी, असे नियम वीज नियामक आयोगांना करता येतील. पाहण्याच्या बाबतीत बिलासाठी लागणारी माहिती आणि दिनचर्या सांगणारी माहिती यांची फारकत करून दुसरीसाठी ग्राहकाची वेगळी, मागे घेता येईल अशी संमती घ्यावी लागेल, आणि घरातल्या प्रौढ व्यक्तींना ती कोण पाहते हे जाणून घेण्याचा हक्क द्यावा लागेल. वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. वीज कंपन्यांनी त्यांखाली मीटरच्या नोंदींचे काय करायचे हे ठरवण्याची वेळ आता आहे, बहुतेक घरांच्या भिंतीवर डबी लागण्याआधी.